नवं जहाज आलं की

आमच्या गडमुडशिंगीत समुद्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे पंचगंगेचा पूर, एवढंच ठाऊक. तरी नेव्हीत काय काय बदलत गेलं ते मला पाठ आहे, कारण तिथं काहीही बदललं की त्याचं ओझं माझ्या डोक्यावर यायचं.

लग्न झालं तेव्हा आमचे हे इंग्रजांकडून घेतलेल्या एका जुन्या जहाजावर होते, बॉयलरच्या खोलीत. जहाज वाफेवर चालायचं आणि ती वाफ सांभाळणं हे यांचं काम. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. साबणाची वडी संपायची, पण अंगाचा तेलकट वास जायचा नाही. पहिल्याच सुट्टीत मला म्हणाले, "जहाज म्हातारं झालंय गं. ते भंगारात गेलं की मी घरी. शब्द दिला तुला."

मी त्या शब्दावर दिवस काढायला लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन पोरं, दोन म्हशी आणि गावाबाहेर उसाचं रान, सगळं माझ्या एकटीवर. मला फार काही नको होतं. हे कायमचे घरी यावेत आणि मी एकदा भिंतीला पाठ टेकून यांना म्हणावं, मी दमले हो. आणखी कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला सांगितलं असतं तर तीच रडत बसली असती.

पासष्टचं युद्ध आलं आणि सुट्टी रद्द झाली. ते मी गिळलं. युद्ध आहे म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? मग एकदाचं ते जहाज मोडीत निघालं. माझ्या भावानं शिरोलीच्या फौंड्रीत यांच्यासाठी जागा बघून ठेवली. बॉयलरवरच्या माणसाला भट्टीचं काम काय जड, असं तो म्हणायचा. मी सासूबाईंची खाट सोप्यात हलवून आतली खोली सारवून घेतली.

हे आले ते पेढे घेऊन. म्हणाले, "रशियाकडनं नवी जहाजं घेतल्यात. ती आणायला माणसं निवडल्यात, त्यात मी हाय."

"आणि शब्द?"

"एवढी एकच खेप बघ. शिकलेली माणसंच न्हाईत त्यांच्याकडं."

भाऊ वैतागला. "पावणं, जागा किती दिस धरून ठेवू?" असं दोनदा विचारून गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही.

त्या सुट्टीत हे रशियन पाठ करत बसायचे. मी म्हशीची धार काढताना विचारायची, पंप? हे म्हणायचे, नासोस. झडप? क्लापान. तेल? मास्ला. चुकले की मी चिडायची. म्हणजे बघा, ज्या कोर्समुळं माणूस घरापासून लांब जाणार, त्याचा अभ्यास मीच घेत होते. नापास झाले तर बरं, असंही मनात यायचं. पण यांचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवायचं नाही.

हे पास होऊन रशियाला गेले. ती जहाजं थंडीच्या मुलखासाठी बांधलेली, आपल्या समुद्रात आत माणूस शिजायचा म्हणे. एकाहत्तरला सगळा गाव आमच्या रेडिओभोवती गोळा झाला. युद्ध जिंकल्यावर हे आले, तर स्टँडपासून घरापर्यंत हलगी लावून मिरवत आणलं. मी गर्दीत उभी होते. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? पण हारांचं निर्माल्य व्हायच्या आत हे पुन्हा बॅग भरत होते.

मला तर युद्धापेक्षा शांततेचाच जास्त ताप झाला. युद्ध संपतं तरी, कोर्स संपत नाहीत. आता वाफ नको म्हणे, विमानासारखं इंजिन जहाजात बसवलंय, त्याचा कोर्स. मग आपल्याच गोदीत बांधलेलं जहाज आलं, त्याचा कोर्स. दर वेळी "एवढा एकच." मधल्या काळात सासूबाई गेल्या, पोरगी सासरी गेली, माझे गुडघे गेले. शेवटी अशी जहाजं आली की डिप्लोमावाली पोरं गार खोलीत बसून बटणं दाबतात आणि खाली इंजिनापाशी माणूस फारसा लागतच नाही. तेव्हा कुठं नेव्हीनं यांना घरी पाठवलं. यांनी नेव्ही सोडली नाही. नेव्हीलाच यांची गरज उरली नाही.

पहिल्याच संध्याकाळी हे जेवत होते. मी भाकरी थापता थापता, पाठमोरीच, म्हटलं, "मी दमले हो."

हे कांदा फोडून खात राहिले. मी पुन्हा म्हटलं. काही नाही. माझं टाळकंच फिरलं. मागं वळून बघितलं तर हे माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "काय म्हणलीस?"

इंजिनाच्या आवाजानं दोन्ही कान गेले होते. आमच्या गावात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं इतक्या सुट्ट्यांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतकी वर्षं हळू आवाजात सांगायचं म्हणून ठेवलेलं मी आता ओरडून कसं सांगायचं? दमले हे ओरडून सांगितलं की ते भांडण होतं.

तरी सांगितलं. चारेक दिवसांनी रानात, बांधावर उभी राहून, सगळा जीव एकवटून ओरडले. "मी दमले! लई दमले!" शेजारच्या रानातला माणूस खुरपं टाकून उठून उभा राहिला. यांनी खाली मान घातली. माझ्याआधीच घरची वाट धरली. मला वाटलं, झालं, एवढ्या वर्षांनी माणूस घरी आला आणि मी चारचौघांत त्याचा अपमान केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती गोठ्यातल्या आदळआपटीनं. हे माझ्याआधी उठले होते. बादली दगडावर आपटली, दुधाची किटली पडली, चुलीपाशी भांड्यांची सगळी उतरंड कोसळली. शेजारीण दारात येऊन विचारायला लागली, काय झालं. घरात एवढा गोंधळ चाललाय याचा यांना पत्ताच नव्हता, हे आपले चोरपावलांनी चाललेत, माझी झोप मोडू नये म्हणून.

केवढा आवाज होतोय हे सांगायला उठावंसं मला वाटलं. मी उठले नाही. तोंडावर पांघरूण घेतलं आणि तशीच पडून राहिले.