नऊ झाडं करडईची

आमच्या बालीगंजच्या इमारतीत खालच्या मजल्यावर श्यामला राहते. एकसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. जन्म इथलाच, कलकत्त्याचा. भाजीवाल्याशी भांडते बंगालीत, हिशेब मनात करते मराठीत. मी चौथी पास, त्यामुळे मला तिचा जरा धाकच.

तिची आई बार्शीकडची. लग्न होऊन आली तेव्हा करडईचं बी बांधून आणलं. आई गेली, पण श्यामलाने ते बी मरू दिलं नाही. गच्चीवर पत्र्याची उंच पिंपं, त्यांत गावाहून आणलेली काळी माती, आणि दुर्गापूजा आटोपली की पेरणी. इथल्या दमट हवेत बी फार टिकत नाही. म्हणून दरवर्षी पेरायचं, धरायचं, पुन्हा पेरायचं. गावच्या मामेभावाने, अशोकने, फोनवर सांगितलं होतं, "ताई, इथं आता सगळा ऊस आणि सोयाबीन. काट्याची करडई काढायला माणूस येत नाही. आपल्या घरचं बी तेवढं तुझ्यापाशीच."

गेल्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस आला आणि बोंडं कुजली. उरलेलं मूठभर जुनं बी यंदा तिने सगळंच पेरलं. डब्यात दाणा ठेवला नाही. उगवली नऊ झाडं.

जानेवारीत बराकपूरची तिची बहीण आजारी पडली. तिच्याकडे निघताना श्यामला मला म्हणाली, "काकू, कळ्या धरल्यात. चार दिवस पोपटांवर नजर ठेवा."

मी रत्नागिरीकडची, पाण्यात वाढलेली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर मातीला बोट जाईल एवढ्या भेगा! जीव कळवळला. नळावरून बादल्या भरभरून नऊही झाडांना पोटभर पाणी पाजलं. वर म्हटलंसुद्धा, "प्या गं बायांनो."

श्यामला परतली ती थेट गच्चीवर.

"पाणी कोणी घातलं?"

"मी. अगं, माती फाटली होती."

"काकू, ही खोलवरच्या ओलीवर जगते. भेगा पडल्यावर वरून पाणी दिलं की मुळं कुजतात. मरते ती."

"मग सांगायचंस ना!"

"चुकलंच. कोकणातल्या माणसाच्या हाती कोरडवाहू पीक देऊन गेले."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातोडी आणि मोठा खिळा आणला आणि पिंपांच्या बुडाशी भोकं पाडत सुटली. काळं पाणी थेंबथेंब गळायला लागलं. झाडं दुसरीकडे लावू म्हटलं, तर म्हणे, "हिचं मूळ हलवलेलं सोसत नाही. आता बघत बसायचं."

तिसऱ्या दिवशी दोन झाडांनी माना टाकल्या. मग आणखी एकाने. रोज सकाळी ती वर जायची, मी मागून. ती मोजायची, मी तिच्या ओठांकडे बघायची. सहा. चार. मला घास गोड लागेना. सूनबाई देवयानी म्हणाली, "आई, झाडंच तर आहेत." मी म्हटलं, "तू गप्प बस, मुंबईची आहेस."

दोन उरली. ती फुलली, आधी पिवळी, मग केशरी. फेब्रुवारीत दोनदा आभाळ भरून आलं. दोन्ही वेळा श्यामला पिंपांशेजारी छत्री धरून उभी राहिली, आणि दोन्ही वेळा पाऊस आला नाही.

मार्चमध्ये भल्या पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हाताला फडकं गुंडाळून तिने बोंडं काढली. वाटीभर दाणे निघाले. पण ती हसेना. "आजारी झाडाचं बी आहे. पोचट असलं तर?"

तिने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले. पाच दिवस ती फडकं ओलं ठेवत राहिली. सहाव्या दिवशी ती माझ्या दारात पुरचुंडी घेऊन आली. "काकू, तुम्हीच सोडा. माझा हात धजत नाही."

मी गाठ सोडली. आठ दाण्यांना पांढरे कोंब होते.

श्यामला तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पोरीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने वाटीतल्या बियांचे तीन वाटे केले. एक स्वतःला, एक बराकपूरला, एक माझ्या पुढ्यात.

"मला? अगं, सात झाडं मारलीत मी."

"म्हणून तर. पाणी कधी घालायचं नाही, ते या इमारतीत तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"