रुमालाखालचा भाव आणि बोलणारा डबा

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. शाळा मी दुसरीत सोडली, पण बोटांचा हिशोब मला कुणी शिकवू नये.

यंदा सिरसाळ्याच्या बाजारात जोडी घ्यायला गेलतो. एक बैल बाजारातच पेंडीचं दुकान मांडलेल्या पेंडवाल्याचा हेरला, दुसरा त्याच रांगेतल्या एका मिशीवाल्याचा. पेंडवाल्याला काय दिलं हे मिशीवाल्याला कळता कामा नये. कळलं की तो चढणार. निम्मे पैसे सुनेनं माझ्या मोबाईलमध्ये भरून दिलेले, निम्मे बंडीच्या खिशात.

सोबत गावातले रिटायर मास्तर होते. चहाच्या टपरीवर मी म्हटलं, "मास्तर, मोबाईलनं पैसे दिले की सरकारला समदं दिसतंय म्हणं."

"दिसू द्या की. तुमी काय चोरी केलीय?"

"मग तुमची पेन्शन किती ते सांगा बरं हितं, मोठ्यानं."

मास्तरांनी कपात तोंड घातलं. मग म्हणाले, "अहो, चोर धरायचे तर सरकारला बघावंच लागतंय."

"धरा की. माझा बैल कशापायी बघता?"

टपरीवाला मधेच बोलला, "मामा, तुमच्या बैलाकडं बघायला सरकारला येळ हाय व्हय?"

सगळे हसले. मला राग आला. सरकारनं बघू नये हे माझं म्हणणं. पण माझा बैल बघण्याजोगाच नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

पेंडवाल्याशी रुमालाखाली लवकर जुळलं. मी खिशात हात घातला तर तो म्हणाला, "रोख नको मामा, दुकानाच्या स्कॅनरवर टाका. बाजारात नोटा सांभाळायचा लई ताप." मी अडून बसलो, पण बैल मनात भरला होता. सुनेनं शिकवलं तसं केलं. तर पोत्यावर ठेवलेला, पैसे आले की बोलणारा डबा बाईच्या खणखणीत आवाजात आख्खा आकडा बोलला! रांगेतल्या बैलांनीसुद्धा कान टवकारले.

मिशीवाल्यापुढं रुमाल काढला, तर तो हात मागं बांधून उभा.

"आता रुमाल कशाला, मामा? बाईनं सांगितलं की. माझा त्याच्याहून तरणा हाय, वरचं बोला."

मी मास्तरांकडं वळलो. "बघा! एका बाजाराला कळलं तर ही गत. ज्याला समद्या बाजारांचं कळतंय, त्यानं मनात आणलं तर?"

"डबा सरकारचा न्हाई," मास्तर म्हणाले, "पेंडवाल्याचा हाय."

ते खरं होतं, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पण बिगर रुमालाचा सौदा मी आजवर केलेला नाही. हातावर रुमाल टाकून तसाच उन्हात उभा राहिलो. शेवटी मिशीवाल्यानंच कंटाळून हात आत घातला आणि बोटं दाबली. डब्याच्या आकड्याहून जास्तच होती, पण सौदा रुमालाखालीच झाला. किती जास्त, ते मास्तर गाव येईपर्यंत विचारत होते. मी बैलांच्या खाण्याविषयी बोलत राहिलो.