भट्टीकडची बंद दिशा

आमचे धाकटे भाऊजी पाण्याच्या टाकीवरचं लहान रडार सांभाळतात. रांजणाएवढं तर आहे, त्याला सांभाळायचं काय, असं आमचे हे त्यांना चिडवतात. भाऊजी मनावर घेत नाहीत. लांबच्या मोठ्या रडारची नजर इथवर येईतो उंच गेलेली असते, खालचे ढग निसटतात, असं ते समजावून सांगतात. म्हणून जवळजवळच्या बारा गावांत बारा लहान रडारं बसवली. प्रत्येकाला थोडंच दिसतं, पण ते शेजारच्याच्या हद्दीत डोकावतं. शेजाऱ्यानं डोकावावं म्हणून पगार देणारं हे एकच खातं, असं मी म्हणते.

परवा माझी प्रार्थना आटोपली आणि भाऊजी आले. चहा घेता घेता बोलले. वीटभट्टीच्या उंच चिमणीमुळे पडद्यावर खोटाच पाऊस दिसायचा, म्हणून त्या दिशेचं काही दाखवू नकोस असं त्यांनीच यंत्राला सांगून ठेवलं होतं. चिमणी पाडून वर्ष झालं. दिशा उघडायची राहूनच गेली. सोमवारी गारांचा ढग नेमका तिकडून आला. शेजारच्या गावच्या रडारनं तो टिपला, इशारा वेळेत गेला, मैदानावरची मुलं शाळेत घेतली. चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. आणि बाराही रडारांच्या प्रमुखाची जागा याच आठवड्यात भरायची होती, भाऊजींचं नाव सर्वांत पुढे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सांगून हे मोकळे झाले.

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, देवानं निभावून नेलं ना?"

"नेलं की. पण त्या दिवशी शेजारचं बंद असतं तर?"

ते उठले ते थेट टाकीवर. आधी दिशा उघडली, मग वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी सगळ्यांना आपापलं तपासायला लावलं, तर आणखी दोन ठिकाणी तशीच विसरलेली बंदी निघाली.

जागा शेजारच्या गावचं रडार सांभाळणाऱ्या बाईंना मिळाली. आज जेवताना यांनी भाऊजींना विचारलं, खरं बोलून पदरात काय पडलं? बाईंनी तपासणीचं काम दिलंय, बाराही टाक्या चढायच्या, असं भाऊजी म्हणाले. 

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? ती जागा त्यांना मिळावी असं मी देवापाशी मागितलं होतं. ते काही झालं नाही. भाऊजींनी मात्र पोटभर जेवून परत वाढून घेतलं.