नोडबाई आणि उणे चिन्ह

संगणकाच्या पडद्यावर सगळं सुरळीत दिसलं की नोडबाईंचा चेहरा उतरायचा. पावसाळी गटारांच्या नकाशात पाणी कुठेच तुंबत नसलं, की नांदेडच्या आमच्या छोट्या कार्यालयात बाकीचे चहा मागवत. बाई खुर्ची पुढे ओढत आणि म्हणत, "इतकं गुणाचं पाणी मी तर कुठं पाहिलं न्हाई."

हे नाव त्यांना आम्हीच दिलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये शहर म्हणजे नोड आणि त्यांना जोडणारे पाईप. नोड म्हणजे रस्त्यातलं चेंबर. मी नवी असताना बाईंनी मला ते असं समजावलं होतं : "घरात पाहुणे किती आले, किती गेले? उरले त्यांना बसायला जागा लागती. चेंबरचंही तेच. उरलेल्या पाण्यानं पातळी चढती. पार झाकणापर्यंत चढली की पाणी रस्त्यावर." पाईपबद्दल त्या म्हणत, "त्याला दोन्ही टोकांचं ऐकावं लागतं." दोन टोकांच्या पातळीतला फरक पाणी ढकलतो, भिंतीचं घर्षण अडवतं. पातळी ठरल्याशिवाय प्रवाह कळत नाही आणि प्रवाह कळल्याशिवाय पातळी ठरत नाही. म्हणून सॉफ्टवेअर आधी अंदाज धरतं, मग दोन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत तो दुरुस्त करत राहतं आणि मगच पुढच्या क्षणाकडे वळतं. हे सांगताना बाईंचा आवाज हळू होई. एखाद्या समजूतदार माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलत.

औशाच्या माहेराची बोली त्यांनी कधी सोडली नाही. साहेबांसमोर त्या शुद्ध बोलायला सुरुवात करत, पण मुद्दा तापला की "लई" आणि "न्हाई" आपोआप येत.

गोदाकाठच्या एका सखल गल्लीच्या गटाराचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा बाई आजारी होत्या आणि आजार पुढे गेला होता. उपचारांसाठी त्या लातूरला जात आणि परतल्या की बसस्थानकावरून थेट कार्यालयात येत. आमचे मालक भाऊसाहेब यांनी आराखडा सोप्या पद्धतीने तपासला होता. त्या पद्धतीत पाणी फक्त उतारानं खाली जातं. पाईप वरच्या टोकाचंच ऐकतो, खालच्याचं नाही. निकाल स्वच्छ होता. महापालिकेला अहवालही गेला होता.

"यात नदी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"नदी आपल्या कामात नाही, बाई. आपलं काम पाईपच्या तोंडापर्यंत."

"ही हद्द पाण्याला कोण सांगणार, भाऊसाहेब?"

त्यांनी दोन्ही टोकांचं ऐकणारी पूर्ण पद्धत लावली आणि शेवटच्या टोकाशी, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर नदी जिथवर चढते ती पातळी भरली. खालच्या पाईपच्या प्रवाहापुढे उणे चिन्ह आलं. पाणी नदीतून गल्लीकडे येत होतं.

भाऊसाहेब हसले. "आकडे बिघडलेत. ही पद्धत अशीच हेलकावे खाते, सगळ्यांना माहीत आहे."

ते खोटं नव्हतं. दोन गणितांमधला वेळ मोठा ठेवला की आकडे उगाच पुढेमागे उड्या मारतात. बाई वाद घालत बसल्या नाहीत. "गणिताचा दोष असेल तर वेळ बारीक केल्यावर जाईल. खरं असेल तर राहील," एवढंच म्हणाल्या. त्यांनी वेळ बारीक केला. वरच्या पाईपांतले हेलकावे थांबले. त्यांनी तो आणखी बारीक केला. आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि उरलेलं पाणी यांचा मेळ बसला. खालच्या पाईपपुढचं उणे चिन्ह तिथेच होतं.

"अहवाल बदलला तर काम हातचं जाईल, बाई."

"जाऊ द्या. गल्लीतले लोक चुलीपाशी पाय वर घेऊन बसतील, तवा त्यास्नी काय सांगू? आकडे बिघडले होते म्हणून?" त्यांना धाप लागली होती. मी पाणी पुढे केलं. त्यांनी पेला बाजूला सारला. "मी स्वतः महापालिकेत जाऊन सांगते साहेबांना."

भाऊसाहेबांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "बसनं जाऊ नका. मी गाडी काढतो."

महापालिकेतल्या त्या बैठकीला मी होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, "पाईप मोठा केला तर?"

"मोठ्या पाईपातून नदी मोठी येईल, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी टोकाशी एकाच बाजूला उघडणारी झडप मागितली. झडप मिटल्यावर गल्लीचं स्वतःचं पाणी उपसायला पंपही मागितला. खर्चावरून पुष्कळ कुरकुर झाली. बाई उठल्या नाहीत. सुधारित आराखडा मान्य झाला, तेव्हाच त्यांनी खुर्ची सोडली.

काम सुरू व्हायच्या आत त्या लातूरच्या रुग्णालयातच वारल्या. आता त्यांच्या टेबलाशी मी बसते. कुठलाही आराखडा आला की पहिल्यांदा विचारते, शेवटच्या टोकाशी पाणी किती उंच आहे? लोक वैतागतात. विचारायचं मी थांबवत नाही.

यंदा विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याचं कळलं, तशी दुपारी त्या गल्लीत गेले. नदी पाईपच्या तोंडावर चढली होती. झडप मिटलेली होती आणि पंप धडधडत होता. एक बाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तुम्ही हापिसातल्या का?" त्यांनी विचारलं. "ह्याचा आवाज लई हाय बगा. लेकरू झोपंना."

"बंद करायला सांगू का?"

त्यांनी गल्लीच्या कोरड्या फरशीकडे पाहिलं.

"नगं बाई. चालू द्या," म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.