काकूंच्या नावाने

आमचं ऑफिस हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनी भागात, औषधांच्या घाऊक विक्रीचं. तिथलं नेटवर्क मी सांभाळते. म्हणजे बंद पडलं की शिव्या मला आणि चाललं की श्रेय देवाला. नवा फायरवॉल बसला तेव्हा मी सगळ्यांना बसवून समजावलं होतं. जुना फक्त कुठून आलं आणि कुठे चाललं एवढंच बघायचा. नवा मात्र कोण माणूस आहे ते बघतो, त्याचं अ‍ॅप बघतो, तो कोणती फाइल बाहेर धाडतोय तेही बघतो. म्हणून सकाळी ज्याने त्याने आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, मगच इंटरनेट सुरू.

पण ऐकतो कोण? हिशेब बघणाऱ्या काकू सगळ्यांच्या आधी यायच्या, उदबत्ती ओवाळायच्या आणि एकेक कंप्यूटर आपल्याच नावाने उघडून ठेवायच्या. "अगं, बेचारे धावत-पळत येतात. आल्या-आल्या कामाला तर लागतील!" मी एका नावावर एकच कंप्यूटर चालेल असं लावून टाकलं, तर सरांनी ते काढायला लावलं. "घर जैसा ऑफिस है, इतनी सख्ती मत करो." मी कानीकपाळी ओरडून थकले.

मग एका दुपारी आमच्या सगळ्या ग्राहकांची यादी बाहेर गेली आणि दुसऱ्या कंपनीचे फोन आमच्या दुकानदारांना जायला लागले. फायरवॉलने सगळं टिपलं होतं. गोदामाच्या खोलीतला कंप्यूटर, जिथे जो येईल तो बसतो. नाव मात्र काकूंचं. हिशेबवाल्यांना सीएकडे फाइली पाठवायची परवानगी असते, म्हणून फायरवॉलने अडवलंही नाही.

सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. काकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, घर त्यांच्या एकटीच्या नोकरीवर, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं? तरी एकेकाने हात वर केले. "सर, मैं तो अपने ही नाम से चलाता हूँ." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्क्रीन सरांसमोर फिरवली आणि दाखवलं की यांच्यापैकी एकानेही आपलं नाव कधी टाकलेलंच नाही.

सरांनी नीट पाहिलं. "तो इनका रिकॉर्ड तो साफ है."

"सर, साफ नहीं, खाली है."

"एक ही बात है."

त्यापुढे मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. भांडले, एवढं खरं. उपयोग शून्य. नावानिशी पुरावा हवा, असंच सरांचं म्हणणं, आणि नाव एकच होतं. काकूंना त्याच दिवशी कामावरून काढलं.

काकू रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तू तर जाणतेस ना, मी नाही केलं?"

"जाणते काकू. सांगितलं मी त्यांना."

"मग मशीनला सांगून टाक ना. तिचं तर ऐकतात ते."

मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. काय सांगणार होते मी? मशीन खोटं बोलत नव्हती.

त्या डबा आणि छत्री घेऊन जिन्याकडे निघाल्या आणि मला हुकूम आला, त्यांचं नाव ताबडतोब बंद करा. मी केलं. त्याबरोबर सगळ्या खोल्यांतून आरडाओरडा सुरू झाला. बिलं निघेनात, ऑर्डरी उघडेनात, खाली माल भरलेली गाडी अडकली. टेबलांमागची माणसं उठून उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायचं टाळू लागली. आता तरी कोणी तोंड उघडेल, असं मला क्षणभर वाटलं. कोणीही उघडलं नाही.

सर दारात आले. त्यांनाही कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "फिलहाल उनका नाम चालू कर दो. काम रुक रहा है."

खिडकीतून मला काकू दिसत होत्या, रस्त्याच्या कडेला रिक्षाला हात करताना. मी त्यांचं नाव चालू केलं.