डॉक्टरांच्या गाडीचा हरवलेला आवाज

कसे आहात सगळे? पळसदेवच्या आबांचा गुडघा आता जिना चढू देतो का? सुनंदावहिनी, शुगर उतरली असेल तर कळवा, आणि चढली असेल तर आंबे कोणी दिले तेही कळवा. दत्ताराव, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे... आता पत्ते खेळताना आमच्या हातात डोकावू नका म्हणजे झालं. मी ठणठणीत आहे. मन तेवढं जागेवर नाही, त्याचीच ही हकीकत.

मागच्या गुरुवारी वालचंदनगरला गेलो होतो. डॉक्टरांची गाडी घेऊन.

ग्रुपवरच्या नवीन मंडळींसाठी सांगतो. इंदापूरला आमचे एक डॉक्टर होते. त्यांची दोन माणसांची, बुटकी, हिरवी विलायती स्पोर्ट्स कार होती, आणि मी तिथल्या गॅरेजात कामाला. एकदा ब्रेक दुरुस्त केल्यावर डॉक्टर म्हणाले, बस शेजारी... आणि सोलापूर रोडला पळसदेवपर्यंत अशी काढली की माझी टोपी उजनीकडे गेली ती गेलीच.

वेग मी विसरलो. आवाज नाही विसरलो. आधी घोगरा, मग एका ठिकाणी गळा मोकळा झाल्यासारखा... पुढे आयुष्यभर बारामतीत पंप, ट्रॅक्टर, जनरेटर दुरुस्त केले, पण तसं इंजिन पुन्हा कानावर पडलं नाही.

डॉक्टर गेले. गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. चार वर्षांपूर्वी बाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, ती मला दिली. म्हणाल्या, "चालू झाली की एकदा दारावरून न्या. मला आतूनच ओळखू येईल."

मी जीव ओतून इंजिन बांधलं. शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तकं आणि व्हिडिओ बघून केलं. घरी आमच्या सौभाग्यवतींचा टोमणा रोजचा... "दोन माणसांची गाडी, वर छप्पर न्हाय, पेरूची पाटी तरी मावती का तिच्यात?" पण इंजिन असं गुळगुळीत चालायला लागलं की बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवावा, थेंब सांडणार नाही.

इंदापूरला बाईंच्या दारासमोर गाडी उभी केली. रेस केली. आतून कोणीच आलं नाही. शेवटी हॉर्न वाजवला, तेव्हा बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, तुम्ही होय... मला वाटलं टेम्पो आलाय शेजारी."

हसून साजरं केलं हो. पण परतीच्या वाटेवर गाडी चालवावीशी वाटेना.

मग जाणकार शोधायला लागलो. बारामतीच्या एमआयडीसीत एकाने सांगितलं, काका, इलेक्ट्रिक मोटर टाका. लोणी देवकरच्या एका लेथवाल्याने मात्र नाव दिलं... वालचंदनगरला एक तात्या आहेत, जुने फिटर, रिटायर होऊन जमाना झाला. साखर कारखान्याच्या मशिनरीवर हात घडलेला माणूस.

तात्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. नजर अगदी अधू. म्हणाले, चालू करा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत राहिले.

"हिच्यात पंपाचं इंजिन कुणी बसवलंय?"

मी म्हटलं, मीच बांधलंय इंजिन. तात्या ब्लॉकच्या कडेवरून बोटं फिरवत गेले, आणि एका जागी थांबले. तिथे पंचने मारलेले तीन ठिपके होते. मी ते शंभरदा पुसले असतील, कधी विचार केला नव्हता.

"ही डॉक्टरांची हाय. ह्यो ठसा माझा. हिचा कॅम कुठं हाय?"

कॅम म्हणजे इंजिनातला तो दांडा, ज्याच्या उंचवट्यांवर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. इंजिनाने श्वास कधी आणि किती घ्यायचा हे तोच ठरवतो. मी मोठ्या ऐटीत सांगितलं... जुना कॅम झिजून वेडावाकडा झाला होता, गाडी उभ्या जागी थरथरायची, उचक्या द्यायची. म्हणून नवा, साधा कॅम मागवून बसवला. जुना कॅम पंपांच्या तुटक्या पात्यांच्या पोत्यातून भंगारात गेला.

तात्या मग हळूच म्हणाले, "झिजला न्हवता वो. मी घासला हुता, कानशीनं. तेरा दिस लागलं हुतं. उभ्यानं थरथरायची, ती पळायसाठी."

जो आवाज मी उभा जन्म शोधत होतो, तो माझ्याच हाताने भंगारात घातला होता... आजार समजून.

"लई चांगलं वळण लावलं पोरीला," तात्या हसले. "आता गाणं म्हणंना व्हय?"

मी विचारलं, माप कुठे लिहिलंय? म्हणाले, कागदावर कायच न्हाय, बोटात हाय. माझा अंगठा धरून नखाने त्याच्यावर वळण काढून दाखवलं... हितं असं चढतं, हितं जरा थांबतं, मग पडतं. "पर कानस कुठं टेकली ते आता दिसत न्हाय. कुणीतरी हातवाला बसवा म्होरं. त्यो घासंल, मी चाचपून सांगंन."

मीच घासतो म्हटलं. त्यांनी लोखंडाचा तुकडा दिला. तासभर घासला. त्यांनी बोट फिरवलं आणि परत दिला. "तुमचा हात इमानदार हाय. पर जाड हाय, रावसाहेब."

वाईट वाटलं. पण एक बरं झालं. इतकी वर्षं नुसत्या आवाजाची ओढ होती, आता तो कोणाच्या बोटांतून आला ते कळलं. त्या माणसासमोर बसून चहा प्यायलो, हेही थोडं नाही.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत टूलरूमचा, कारखान्यातले साचे-हत्यारं घडवणारा, कोणी जुना कारागीर आहे का? ज्याला केसाएवढा फरक कानशीने काढता येतो, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं ऐकायची ज्याची तयारी आहे असा... बाई असो, बाप्या असो, कुठल्या का गावचा असेना. आणायला मी येईन, जेवणखाण आमच्याकडे.

गाडी मी आणखी दहा वर्षं झाकून ठेवू शकतो. तात्यांची बोटं मला झाकून ठेवता येत नाहीत. म्हणून नुसता लाइकचा अंगठा दाबून पुढे जाऊ नका. नाव सुचलं की त्याच दिवशी लिहा.