कोरम नसलेली सभा

पेणला बारावीला जीवशास्त्र शिकवतो. किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसतात, झटकावे तेवढे पसरतात.

मेंदूतली एकटी पेशी दिशा ओळखत नाही, पुष्कळजणी मिळून ओळखतात, हे पोरांना पटेना. म्हणून आठजणांना मैदानात गोल उभं केलं. प्रत्येकाची एक आवडती दिशा. मी छडी जिकडे दाखवेन, तिकडची पेशी जोरात टाळ्या वाजवणार, शेजारच्या हळू, समोरची गप्प. मध्ये डोळे बांधलेली हर्षदा. तिनं अचूक ईशान्य सांगितली!

रोह्याहून येणारा साहिल मात्र अखंड वाजवत होता. विचारलं तर म्हणाला, "सर, मला सगळ्याच दिशा आवडतात."

त्याला बाहेर काढलं. उत्तर तरीही बरोबर येत राहिलं, याचा त्याला जास्त राग आला.

*

चाचणीत हर्षदानं लिहिलं, 'माहिती एका पेशीत नसते, मेंदूत ग्रामसभा भरते.' मी पूर्ण मार्क दिले. स्टाफरूममध्ये ते वाचून दाखवलं, तर इंग्रजीच्या राऊत सरांनी खोचकपणे विचारलं, कोरम नसला तर काय करतो तुमचा मेंदू?

आमचे क्लार्क पाटील आधी ग्रामपंचायतीत होते. मान वर न करता म्हणाले, "सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाय."

*

हर्षदाचे वडील भिकूदादा हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. पॅरालिसिसनंतर हात सुधारला, पण ब्रश धरायला धजेनात. डोक्यातली आखणीची पेशीच मेली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. वडील असेच बसून राहतील, या धास्तीनं हर्षदा मला घरी घेऊन गेली.

अशी एकच पेशी नसते, काही गेल्या तरी बाकीच्या आहेत, असं मी सांगितलं. पाटलांचं वाक्यही सांगितलं. भिकूदादांनी चहा पाजला आणि विषय बदलला. परतताना मला फार वाईट वाटलं.

*

चतुर्थीच्या आधी हर्षदानं वीतभर मूर्ती माझ्या घरी आणून दिली. डावा डोळा किंचित खाली उतरलेला. मी लगेच भिकूदादांना फोन लावला आणि म्हटलं, डोळे सुरेख झालेत.

ते म्हणाले, "डावा जरा उतरलाय सर, म्हाईत हाय मला. कोरम नव्हता. तहकूब सभेत काढलाय."